मेंढराचे कान

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. आणि आधीच सांगून टाकतो, माझ्या डाव्या कोपऱ्यात एक मेंढरू आहे. एरवी नीट बघितलं तरच दिसतं. दमट हवेच्या सकाळी मात्र असं ठळक उठून दिसतं, की कुठे तोंड लपवू असं होतं मला. पण मी पडलो फळा! मला तोंड तेवढं आहे, पाठ भिंतीला.

माझा जन्म बोरीकडच्या एका शाळेत झाला. गावच्या सुताराने सागवानी लाकूड रंध्याने तासून मला बनवलं आणि चार खिळ्यांनी चौकट ठोकली. त्यातला डाव्या बाजूचा एक खिळा थोडा वर राहिला. तो अजूनही तसाच आहे. दर शनिवारी मुलं मला अंगणात आडवं निजवायची आणि कोळशाची पूड वेलाच्या पानांच्या रसात कालवून अंगभर चोळायची. मग मी असा काही काळाकुळकुळीत व्हायचो, की पहिलं अक्षर कोण लिहिणार यावरून मुलांची ढकलाढकली! खरं सांगू, तेव्हापासूनच मला कौतुकाची चटक लागली. पुढे त्याच चटकेने माझा घात केला.

त्या शाळेत मुंजाजी नावाचा एक मुलगा होता. त्याच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली, की सगळं घर मेंढरांमागे रानोमाळ जायचं आणि मुंजाजीही जायचा. त्यामुळे माझ्या उजव्या कडेला 'सतत गैरहजर' असं जे लिहिलेलं असायचं, त्याखाली पहिलं नाव त्याचंच. तो परत आला, की ते नाव वाचायचा, मान खाली घालायचा आणि माझ्या वर राहिलेल्या खिळ्याला हळूच बोट लावून जागेवर जाऊन बसायचा. का, ते मला कधीच कळलं नाही.

एकदाच वेगळं घडलं. तालुक्याच्या कबड्डीत शाळेला ढाल मिळाली आणि गुरुजींनी माझ्या अगदी मधोमध लिहिलं, 'उत्कृष्ट पकड : मुंजाजी'. चार दिवस ते कुणी पुसलं नाही. मित्रांनो, त्या चार दिवसांत मेंढरं कुणी वळली देव जाणे, पण मुंजाजी एकदाही गैरहजर नव्हता!

पुढे शाळेत पांढराशुभ्र नवा फळा आला. मी अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांवर पडलो. काही वर्षं पालींशिवाय माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मग एक दिवस शाळेने जुनं सामान काढलं, तेव्हा भुजंगमामाने मला उचललं. त्याची सासुरवाडी बोरी आणि चहाचं हॉटेल मानवतला, बसस्थानकासमोर. त्याने मला हॉटेलाच्या दर्शनी भिंतीवर टांगलं आणि लिहिलं, 'आज गरम भजे'. माझा दुसरा जन्मच म्हणा ना.

भज्यांची जागा कबड्डीने घेतली, ती बन्सीधरशेठमुळे. त्यांची कापसाची जिनिंग मिल आहे. जिल्ह्यातल्या सहा गावांची लीग सुरू झाली, तेव्हा त्यांनी पगारी खेळाडू घेऊन मानवतचा संघ उभा केला : 'मानवत धुरंधर'. पहिल्या वर्षी संघ दुसरा आला. काय सांगू तुम्हाला तो जल्लोष! निकाल माझ्यावर लिहिला जाई आणि एस.टी.तून उतरणारा प्रत्येक जण आधी मला बघे, मग चहा मागे. त्या संघाचा डावा कोपरा, म्हणजे पकडीची मोक्याची जागा, सांभाळायचा, कोण सांगा? आपला मुंजाजी! आता तो चाळिशीकडे झुकला होता. हंगामात तो मानवतला बहिणीकडे राहायचा आणि रोज सकाळी भुजंगमामाकडे चहाला यायचा. मला बघितलं त्या पहिल्या दिवशी तो थबकला. जवळ आला. खिळ्याला बोट लावलं आणि हसला. मी त्याच्या ओळखीचा होतो!

पण नंतर संघ घसरला. सलग दोन वर्षं शेवटचा. यंदाचे पहिले चारही सामने हरला. शेठ हॉटेलात येऊन सगळ्यांसमोर बोलून गेले, "यंदाबी शेवटी ऱ्हायलो तर संघ दुसऱ्या गावाला देऊन मोकळा व्हतो. मग बसा भजे खात."

त्या दिवसापासून सगळं गिऱ्हाईक कोच झालं. संध्याकाळी माझ्यावर सात नावं लिहायची आणि संघ नव्याने बांधायचा. भुजंगमामाने एकच नियम घातला होता : जो नाव पुसेल, त्यानेच त्या जागी दुसरं नाव लिहायचं. नुसतं पुसून पळायचं नाही. लिहिता आलं नाही, तर पुसलेलं नाव परत लिहायचं.

"हरयाणातून दोन चढाईवाले आना," एक जण म्हणे.

"आन की. रोज बारा अंडे तुज्या घरून धाड त्यांला."

"गड्यांचे मोबाईल काढून घ्या. रातभर बघत बसत्यात."

"आधी तुजा काढाय पायजे. सामना चालू असताना तू काय बघायलास, मला म्हाईत हाय."

असा नुसता हशा! या सगळ्यांत मोठा आवाज गोपाळचा. तो एस.टी.चा कंडक्टर. चाळीस जणांना मागे सरकवायची सवय असलेला गळा. पाचवा सामना हरलो त्या संध्याकाळी तो खडू घेऊन उठला.

"दुखनं कुठं हाय ते कुनीच बोलंना," तो गरजला. "डावा कोपरा! मुंजाजी! गुडघा धरून उठायलाय, गुडघा धरून बसायलाय. त्याच्यावरून म्हातारी बी बोनस गुण घेऊन जाईल."

आणि त्याने पंजाने मुंजाजीचं नाव पुसलं.

"बरं, आता लिव," भुजंगमामा म्हणाला. "कोन?"

गोपाळ थांबला. त्याला नाव सुचेना. लोक हसायला लागले. "तिकीट संपले काय रे कंडक्टर?" कुणीतरी ओरडलं. गोपाळ लाल झाला. मग त्याने काय करावं? खडू चहाच्या उरलेल्या घोटात बुडवला आणि त्या रिकाम्या जागी, माझ्या डाव्या कोपऱ्यात, एक मेंढरू काढलं. खाली लिहिलं, 'मेंढरं वळायला मोकळा'.

हॉटेल हसून फुटायचं बाकी राहिलं.

मित्रांनो, आता माझी गोष्ट ऐका. मी मुका असलो तरी अगदीच दुबळा नाही. त्या कोपऱ्यात भज्यांच्या तेलाचा एक डाग आहे. तिथे खडू घसरतो, किरकिरतो, अक्षर उमटत नाही. मला वाटलं असतं, तर मी तो खडू सटकवला असता. पण एवढी माणसं माझ्याभोवती दाटली होती! मोबाईल वर झाले होते. कुणीतरी म्हणालं, "सरक, फळा नीट येऊ दे फोटोत." फळा नीट येऊ दे! मी ऐटीत फुगलो. मी ते मेंढरू अंगावर छान उमटू दिलं. माझी लाज आहे ती इथे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळ ड्युटीवर जाता जाता मला पुसायला आला. रात्रीत त्याला बोचलं असावं. पण चहातल्या साखरेने खडू धरला होता. तो घासत असतानाच मागून आवाज आला, "भुजंगमामा, एक चहा."

मुंजाजी आला होता. त्याने वाचलं. सावकाश, एकेक अक्षर वाचलं, शाळेत वाचायचा तसं. गोपाळ फडकं पाठीमागे धरून उभा राहिला. तेवढ्यात मुंजाजीचा मोबाईल वाजला. "हां शेठ... फोटो तुमच्याकडंबी आला व्हय?... हां, बघितलं की... लोकांलाच नको तर न्हाई खेळत... न्हाई, राग कशाचा... बरं." त्याने चहा पूर्ण प्यायला, ग्लास विसळून ठेवला आणि बोरीची गाडी धरली. त्या दिवशी त्याने माझ्या खिळ्याला बोट लावलं नाही.

पुढचा सामना सेलूशी. डाव्या कोपऱ्यावर एका चढाईवाल्याला उभं केलं होतं. सत्तावीस गुणांनी हरलो. संध्याकाळी पुन्हा तोच गलका, आता दोष उजव्या कोपऱ्याचा. एकाने खडू उचलला, तोच शाळेच्या गणवेशातली एक मुलगी थेट आत आली. मुंजाजीची भाची दीपिका, नववीतली. तिच्या गुडघ्यांवर मैदानाची माती तशीच होती.

"काका, पुसणाऱ्यानं लिवायचं असतंय ना?" ती म्हणाली. "मग ही जागा आठ दिवसांपासून रिकामी कामून हाय?"

एकाने उचललेला खडू हळूच परत ठेवला.

"लिवा ना. माज्या मामाच्या जागी कोन? न्हाई तर मामाचं नाव परत लिवा. नियम तुमचाच हाय." तिने खडू गोपाळसमोर धरला. "मामा घरी कुणालाच काय बोलंना. नुसतं म्हनतोय, त्या फळ्यावर माजं नाव लहानपनापासून असंच हाय."

"मला म्हाईत नव्हतं गं पोरी," गोपाळ म्हणाला. मी तर सगळं जाणत होतो! सतत गैरहजरवालाही मीच आणि मेंढरूवालाही मीच.

गोपाळने फडकं खांद्यावर टाकलं. "भुजंगमामा, फळा खाली घे. मुंजाजीच्या म्होरं पुसू."

रविवारी भुजंगमामाच्या टेम्पोत मला दोऱ्यांनी बांधून बोरीला नेलं. सोबत गोपाळ, दीपिका आणि सगळे कोच. कापूस निघालेल्या एका रानात मुंजाजीने वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावली होती. त्याने मला टेम्पोतून उतरताना बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"फळा कामून आनला रं इतक्या लांब?"

"तुज्यासमोर पुसायला," गोपाळ म्हणाला. त्याची नजर जमिनीवर. "चुकलो, मुंजाजी."

त्याने ओलं फडकं उचललं.

"थांब," मुंजाजी म्हणाला. तो माझ्यासमोर उकिडवा बसायला गेला, गुडघ्याने त्याला बसू दिलं नाही, म्हणून वाकून उभा राहिला. बराच वेळ ते मेंढरू न्याहाळलं. मग दीपिकाकडून खडू घेतला.

"कान चुकले. मेंढराचे कान खाली पडत्यात. तू उभे काढलेस, गाढव झालंय त्याचं." आणि त्याने उभे कान नखाने खरवडले आणि ओल्या खडूने दोन्ही कान खाली काढले. अगदी खरे.

मित्रांनो, कुणीही हसलं नाही. जाळीतली मेंढरं तेवढी ओरडत होती.

"गोपाळ, तू खोटं न्हाई बोललास," मुंजाजी म्हणाला. "गुडघा गेलाय माजा. हंगाम संपला की मी सवताच सोडनार व्हतो. पन मला इचारलं असतं तर त्याच दिवशी नाव सांगितलं असतं. दोन वर्सांपासून एक गडी तयार करायलोय. भागवत. राखीवमधी बसतोय, तो. कुनी बघितलं का त्याला?"

"न्हाई," भुजंगमामा म्हणाला.

"कसं बघताल? सरावाला कोन आलंय एकदा तरी? मैदान दगडावानी झालंय, त्याच्यावर पानी मारायलाबी मीच जात व्हतो. तुमी फळ्यावर संघ बांधायलाय."

आणि त्या रिकाम्या जागी, मेंढराच्या अगदी शेजारी, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'भागवत'. काना लांब ओढायची शाळेतली सवय तशीच होती. मला त्याचा हात ओळखीचा वाटला आणि त्याहून जास्त जड वाटला.

"आन तुजं नाव, मामा?" दीपिकाने विचारलं.

"मी कोचच्या शेजारी बसंन. बसायला खुर्ची असली की झालं."

गोपाळला रडू फुटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. गोपाळ शेठकडे गेला आणि म्हणाला, फळ्यावरचं माझं लिहिणं होतं, लोकांचं नव्हे. शेठनी मुंजाजीला परत बोलावलं आणि भागवत डाव्या कोपऱ्यावर उभा राहिला. उरलेल्या चारपैकी दोन सामने जिंकलो, शेवटून दुसरे आलो. फार काही नाही म्हणा, पण संघ मानवतमध्ये राहिला. आता पहाटे मैदान खणायला, पाणी मारायला हॉटेलातले सगळे कोच जातात. पाण्याचा पाईप गोपाळच्या हातात असतो.

भुजंगमामाने मला नवा काळा रंग द्यायचं ठरवलं होतं. गोपाळ नको म्हणाला. "ऱ्हाऊ दे मामा. मला रोज दिसू दे." म्हणून ते मेंढरू अजून आहे, खाली पडलेल्या कानांसकट.

मित्रांनो, तुमच्या वर्गात फळा असेल आणि घरात मोबाईल तर असेलच. दोन्हीवर लिहिलेलं पुसता येतं, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. ज्याचं नाव पुसायचं आहे, त्याला आधी जाऊन भेटा. कदाचित पुढचं नाव त्यालाच ठाऊक असेल. आणि सगळे हसत असतील, तुमचा फोटो निघत असेल, तेव्हा तुमच्यात कुठेतरी एखादा तेलाचा डाग असेल ना, तो वापरा. खडू सटकू द्या. मी तो सटकू दिला नाही.

मुंजाजी पुन्हा रोज सकाळी चहाला येतो. आल्या आल्या माझ्या खिळ्याला बोट लावतो. मला अजून त्याच्याकडे सरळ बघवत नाही. पण पाठ भिंतीला आहे, ती फिरवता येत नाही. तेच बरं आहे.