पाहायची राहिलेली जांभई

मी एक जुनं, साखळीला बांधलेलं भिंग आहे, मित्रांनो. मी चावरं आहे म्हणून ही साखळी नाही. लोक मला खिशात घालतात म्हणून आहे.

जयपूरच्या एका लहानशा संग्रहालयात, पोस्टकार्डाएवढ्या चित्रासमोर माझी नेमणूक झाली. नुसत्या डोळ्यांना त्यात राजा, बाग आणि मोर दिसतात. माझ्यातून पाहिलं की कोपऱ्यातली दासीही दिसते. राजाला वारा घालता घालता ती चक्क जांभई देते आहे! पूर्वी लोक रांग लावून ती जांभई पाहत, हसत आणि माझंही कौतुक करत. मग मोबाइल आले. आता लोक माझ्यातून बोटात घुसलेलं कुसळ शोधतात.

अखेर ठरलं, की चित्र कोठारात जाणार आणि इथे सेल्फीसाठी पुठ्ठ्याचा झरोका लागणार. शेवटच्या दिवशी इथल्याच प्रताप नगरात राहणाऱ्या सुलोचनाबाई आल्या. यजमान रेल्वेत, म्हणून बदलीने जयपूरकर झालेल्या. सोबत त्यांचे भुसावळचे थोरले भाऊ गुलाबराव. हे एके काळी गणपतीचे पडदे रंगवायचे. बायको गेली तेव्हापासून ब्रशला हात नाही.

"दादा, ही दासी बघ. तुझे हात शिवशिवतील."

"थांब, आधी फोटो." खटॅक. "झालं. पुढचा पॉइंट कुठला?"

"अरे, पाहिलंस कुठं? भिंग डोळ्याला लाव. उद्या हे नसणार."

"घरी टीव्हीवर मोठं करून बघू. हवामहल राहिलाय, ऑटोवाला खोळंबलाय."

"मतलब, तू बघणारच नाहीस? एवढ्यासाठी तुला बोलावलं रे!"

गुलाबरावांनी बहिणीला फोटो दाखवला. त्यात चित्राच्या काचेवर चमकणारा दिवा होता आणि काचेत उमटलेले खुद्द गुलाबराव होते. दासी नव्हती.

"झकास आलाय," म्हणून ते निघाले. बाईंनी मला डोळ्याशी धरलं. पण डोळे भरले की माझ्यातूनही काही दिसत नाही.

आता मी संपलेल्या सेलांबरोबर एका खणात आहे. मित्रांनो, परगावी संग्रहालयात गेलात तर सगळं उरकू नका. एका चित्रासमोर थांबा. आधी डोळे, मग फोटो. तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही, तरी सांगतो.

भुसावळला ते ब्रश वाळून कडक झाले असतील. ते तेलाने मऊ होतात म्हणे. पण त्याआधी बघणारा माणूस लागतो, आणि तो ऑटोत बसून निघून गेला.