भुऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात

भुऱ्या सुधारला. एका दिवसात, एकही झटका न खाता. हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं धरू. भुऱ्या अजून सुधारलेला नाही, सोमवारी सकाळचे नऊ वाजलेत, आणि मी आमच्या ओसरीवर गळ्यात कुत्र्याचा पट्टा घालून बसलोय. लय भ्यालोय.

भुऱ्या आमचा कुत्रा. दोन वर्षांपूर्वी देवगाव फाट्यावर रसवंतीच्या मागं सापडला, तेव्हा माझ्या एका बुटात मावत होता. आता शेजारच्या नर्मदाबाईंच्या शेळ्या दिसल्या की सुटतो. चावत नाही, नुसता पळवतो. पण हा फरक शेळीला कुणी समजावून सांगायचा? काल एक गाभण शेळी नाल्यात पडली. शेळी वाचली. नर्मदाबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"दत्तराव, उद्या शेळ्या घरी येईस्तोर त्या कुत्र्याचा बंदोबस्त करा. न्हाईतर पोत्यात घालून फाट्यावर सोडते मी त्याला. जिथून आणलं तिथं."

फाट्यावर आता दिवसभर ट्रक पळतात. तिथं सोडणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं. भुऱ्याला नाही कळलं, तो शेपूट हलवत होता.

दत्तराव माझे काका. जिंतूर तालुक्यात रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून जी विजेची झटका मशीन लावतात, तिच्या तारा ओढायचा त्यांचा धंदा. त्यामुळं जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडं एकच औषध आहे. झटक्याचा पट्टा त्यांनी भुऱ्यासाठी मागवूनच ठेवला होता. सोबत रिमोट. रिमोटवर एक ते शंभर आकडे. काकांनी साठावर ठेवला. "डुकराला एवढा लागतोच," म्हणाले.

आता काकांचा एक नियम आहे आणि तो अख्ख्या शिवारात पाळला जातो. नवी तार जोडली की जनावराच्या आधी मालकानं हात लावायचा. मालकाला जे सोसलं तेच जनावराला. बाकीचे लोक झटका कमी लागावा म्हणून गवताची ओली काडी धरून तारेला लावतात. काका काडीवाल्यांना माणसात धरत नाहीत.

"भुऱ्याचा मालक कोण?" काकांनी विचारलं.

मी आईकडं बघितलं. सुमनबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं, भाकरीकडं बघितलं.

"तूच आणलास त्याला, म्हारुद्र्या. ये हिकडं."

महारुद्र नावाच्या माणसानं भिऊ नये अशी गावाची अपेक्षा असते. गावानं पट्टा घातलेला नसतो. काकांनी तो माझ्या गळ्यात घातला, आणि कुत्रं पायानं काढतं म्हणून सवयीनं बकलावर बाइंडिंग तारेचा पीळ दिला. वरून काळी टेप. मी कुत्रं नाही हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत पीळ बसला होता. तेवढ्यात फोन आला, कुणाच्या तरी हरभऱ्यात डुकरं शिरली होती. काका पक्कड घेऊन मोटरसायकलवर बसले.

"काका, पीळ!"

"चार वाजता येतो. तवर चाचणी करून ठेव. सोसला तर भुऱ्याला घालू. न्हाई सोसला तर..." त्यांनी फाट्याकडं हात केला आणि गेले.

म्हणजे मी सोसला म्हणालो तर भुऱ्याला झटका, आणि नाही म्हणालो तर भुऱ्या ट्रकाखाली. मी रिमोट उचलला. बटण दाबून धरलं.

आधी पट्ट्यात टुंग वाजलं. मग एक सेकंद काहीच झालं नाही. त्या एका सेकंदात मला माझी दहावीची परीक्षा, बसमधून उतरताना राहिलेली छत्री आणि सगळी पापं आठवली. मग झटका बसला. तो सांगण्यासारखा नाही. मी उभा राहिलो होतो, एवढं आईनं नंतर सांगितलं.

"लागलं का रं?"

"न्हाई," मी म्हणालो. डोळ्यातून पाणी वाहायलं होतं. भुऱ्या ते चाटायला आला.

त्याला हे घालायचं? झटक्याचं एक वेळ सोडा. पण तो सेकंद त्याच्या वाट्याला का?

मग कळलं की बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं तर फक्त टुंग वाजतं. दाबून धरलं तरच झटका. मी आईकडून दोन भाकरी घेतल्या, अंगठ्यानं टिचकी मारली. टुंग. भुऱ्यानं मान वर केली. त्याला तुकडा दिला. टुंग, तुकडा. चाळीस वेळा केलं. सदतीस वेळा अंगठा वेळेवर उचलला.

"भाकरी कुत्र्याला, अन् किंचाळायलायस तू," आई म्हणाली. "असलं शिक्षण बघितलं न्हाई बाई कधी."

दुपारपर्यंत भुऱ्या उकिरड्यावरून टुंग ऐकून माझ्याकडं पळत यायला लागला होता.

चार वाजता काका आले. रिमोट हातात घेतला न घेतला, तोच शेळ्या वळणावर आल्या आणि भुऱ्या सुटला. मागून नर्मदाबाई, हातात पोतं.

"काका, नुसती टिचकी मा..."

काकांना टिचकी माहीत नाही. त्यांनी दाबून धरलं.

टुंग. भुऱ्या पळता पळता गर्रकन वळला. शेळ्या सोडून सरळ माझ्याकडं. मग तो सेकंद. मग मी ओसरीवर आडवा, आणि हातातला तुकडा भुऱ्याच्या तोंडात.

नर्मदाबाईंनी पोतं खाली घेतलं. "ऐकायलंय की वो कुत्रं!"

"पट्टा ह्याच्या गळ्यात, अन् ऐकायलंय ते?" काका म्हणाले. त्यांनी पक्कड काढली. "आण, आता त्याला घालू."

मी पिळावर हात ठेवला. "काका, त्याच्या गळ्यात टुंग वाजलं तर तो कुणाकडं पळंल? राहू द्या माझ्याच."

काकांनी पक्कड खिशात घातली. "बरोबर हाय. चालू लाइनीला हात लावायचा न्हाई."

रिमोट आता नर्मदाबाईंकडं असतो, शेळ्या त्यांच्या म्हणून. त्यांनाही टिचकी जमत नाही. त्यामुळं खालील अर्ज:

प्रति, मा. पशुधन विकास अधिकारी साहेब. विषय: गळ्यातील पट्ट्याबाबत. महोदय, अर्जदार हा सदर कुत्र्याचा मालक असून पट्टा स्वखुशीने वापरत आहे. तरी मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, टुंग व झटका यांमधील एक सेकंदाचा कालावधी वाढवून किमान सात दिवसांचा करण्यात यावा, व सदर कालावधीत अर्जदारास लेखी नोटीस मिळावी.