बारावा दोर

"नाव नाही," खावर खानम म्हणाल्या. "दोनदा वाचलं. रेयहानचं नाव नाही."

मेजर फिक्रेतने तुकडीतल्या शहिदांच्या संगमरवरी पाटीवरचं पांढरं कापड पुन्हा सारखं केलं. उद्या विजयदिनी तिचं अनावरण होतं. "बाई, आधी चहा घ्या. गार होतोय."

"चहाला आले नाही मी."

नववीत फिक्रेतला पदार्थविज्ञान त्यांनीच शिकवलं होतं. आता बाकूच्या तेलविहिरींचं आकाश राखणारी क्षेपणास्त्रं त्याच्या तुकडीकडे होती. तेहेतीस वर्षांपूर्वी, महायुद्धात, हीच तुकडी विहिरींवर तारेने बांधलेले बलून चढवत असे, शत्रूच्या विमानांना खाली येता येऊ नये म्हणून. गॅस भरलेला बलून मुली चालत घेऊन जात. बारा दोर, बारा मुली. खावर आणि रेयहान त्यांतल्या दोन.

फिक्रेतने जुनी फाईल उघडली. "बाई, यात लिहिलंय. 'हुकूम मिळूनही दोर सोडला नाही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.' अशांची नावं कोरत नाहीत."

"हुकूम मिळूनही?" खावर खानमांनी चहाचा ग्लास बाजूला सारला. "हिशेब कर. बारा मुली, प्रत्येकी पन्नास किलो. बलून दोनशे किलो उचलतो. अकराजणींनी दोर सोडले. राहिलं काय?"

फिक्रेत शाळेतल्यासारखा उभा राहिला. "पन्नास किलो. ती वर जाणार, बाई."

"गेली. विहिरीच्या मनोऱ्याहून उंच. मग हात सुटले. नियम एकच होता. सार्जंट 'सोडा' म्हणेल तेव्हा सगळ्यांनी एकदम सोडायचं. त्या दुपारी उत्तरेकडून खझरी वाऱ्याचा झोत आला आणि सार्जंट लुत्फाली ट्रकच्या आडोशाला पळाला. हुकूम दिलाच नाही त्याने. आम्ही घाबरून सोडलं. अकराजणींनी नियम मोडला, एकीने पाळला. आणि निष्काळजी कोण? ती!"

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. खाली सह्या आहेत बघ. चौथी."

त्याने पाहिलं. अठरा वर्षांच्या मुलीची गोल, नीटनेटकी सही.

"लुत्फालीने हा कागद पुढे ठेवला, मी सही केली. आता मला कोरा कागद दे."

त्यांनी पाच ओळी लिहिल्या. हुकूम झाला नव्हता. मी हुकमाशिवाय दोर सोडला. रेयहानने सोडला नाही. खाली सही केली. अक्षर तेच होतं.

"बाई, लुत्फालीकाका माजी सैनिकांच्या समितीचे अध्यक्ष आहेत," फिक्रेत हळू आवाजात म्हणाला. "उद्या तुमच्याबरोबर कापड तेच उघडणार. मला दोन मुली आहेत, बाई. नोकरी आहे."

"रेयहानलाही नोकरीच होती."

त्याने कागदाची घडी घातली, खणात ठेवली आणि किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी मैदानात खझरी सुटली होती. टोप्या सांभाळत माणसं उभी होती. कापडाच्या दोन वरच्या टोकांना दोन दोऱ्या होत्या. दोघांनी धरून ठेवायच्या आणि हुकूम होताच सोडायच्या, म्हणजे कापड खाली येणार होतं. डावी लुत्फालीच्या हातात होती. छाती पदकांनी भरलेली.

"काय गं खावर, अजून रागावलेलीच?" तो हसला. "विसर आता. अगं, चार वर्षांत बाकूवर एक बॉम्ब पडू दिला नाही आपण!"

"मुलगी पडली."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "लोक बघतायत," तो पुटपुटला. "तमाशा करू नकोस."

बँड थांबला. फिक्रेतने खावर खानमांकडे पाहिलं नाही. समोर बघत त्याने मोठ्याने हुकूम दिला.

"सोडा!"

लुत्फालीने लगेच सोडलं. डावीकडचं कापड खाली आलं आणि निम्मी नावं उन्हात चमकली. उजवीकडच्या कापडात वारा भरला. ते शिडासारखं फुगलं. दोरी खावर खानमांच्या तळव्यात रुतली.

"बाई," फिक्रेत जवळ येऊन कुजबुजला, "सोडा. हुकूम झालाय."

त्यांनी दोरीचा आणखी एक वेढा मनगटाभोवती घेतला.