बेपत्ता माणसाची सात वर्षं

…नव्या कायद्याच्या मसुद्यावर पिवळी चिठ्ठी धड चिकटतच नव्हती, पंख्याच्या वाऱ्यानं तिचं टोक उठायचं आणि खालची कोरी जागा दिसायची — 'सलग … वर्षे ज्याची काहीही खबरबात नाही, त्यास मृत समजावे.' जुन्या कायद्यात तिथं सात होतं. आयोगाचे दोन सदस्य पाचावर अडून बसलेले, दोन तीनावर. आता अध्यक्षबाई म्हणतील ती पूर्व दिशा.

"मॅडम, चार वाजता मसुदा छापायला जातोय," सचिव दारातूनच म्हणाले. "तीनच ना? तुम्ही पहिल्यापासून तीनच म्हणताय."

"म्हणतेय हो. जरा श्वास घेऊ द्याल की नाही?"

सचिव हसून गेले. तीनच, दुसरं काय! सुनावणीत त्या बेपत्ता वेल्डरची बायको म्हणाली होती — घर विकता येत नाही, दुसरं लग्न करता येत नाही, मी धड बायको नाही नि धड विधवाही नाही. बाईंना तेव्हा आपली आई आठवली होती. बूट दुरुस्तीला टाकून येतो म्हणून बाबा एका सकाळी गेले ते गेलेच. 'माझ्या आईनं सात वर्षं सोसलं' — हे वाक्य प्रत्येक भाषणात असायचं, आणि त्यावर सभागृह हमखास गप्प व्हायचं.

आणि आज, ऐन वेळेला, भलतंच आठवायला लागलं…

आई सायकल शिकली ती त्याच वर्षांत. टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली होती ना! फाटकाशी धाडकन पडली, गुडघे फोडून घेतले आणि तिथंच बसून खो खो हसत सुटली. बाबांच्या वाढदिवसाला दरवर्षी शर्ट आणायला जायचो — आई, मी, धाकटी बहीण. "पोट सुटलं असेल गं आता, एक माप मोठं घेऊ," आई म्हणायची. "आणि टक्कल?" धाकटी विचारायची, दुकानदार चक्रावून बघत राहायचा. बाबा असे दरवर्षी थोडे जाडे होत गेले, थोडे म्हातारे. सात शर्ट झाले. किती मजेत होतो आम्ही! हे मी कुठल्या भाषणात सांगणार?

मग मामा आईला कोर्टात घेऊन गेला, बाबा मृत असल्याचा कागद झाला. त्या वर्षी कुणी शर्टाचं नावच काढलं नाही. आई सायकल सोडून बसनं जायला लागली. मग तिनं सोसलं ते नेमकं कधी — कागदाच्या आधी, की नंतर?

पण वेल्डरची बायको खोटं थोडंच बोलत होती? तिच्यासोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी आली होती. आईची साक्ष संपल्यावर ती लघुलेखकाजवळ जाऊन म्हणाली, "आम्ही घर बदललंय, बाबांना माहीत नाही. तुम्ही नवा पत्ता लिहून घ्या." लघुलेखकानं बाईंकडे पाहिलं.

"हे नोंदीत नको," बाई म्हणाल्या होत्या. किती चटकन म्हणाल्या होत्या!

त्यांनी चिठ्ठी काढली आणि कोऱ्या जागेत 'तीन' लिहिलं. सचिव मसुदा घेऊन गेले, जाताना मनापासून अभिनंदन करून गेले. बरोबरच होतं ते. पुन्हा विचारलं असतं तरी तीनच लिहिलं असतं. फक्त त्या मुलीची सातातली चार वर्षं आपण काढून घेतली, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही… बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. इतकी वर्षं आपण सगळीकडे आईचं सांगत आलो. आज त्यांना बाबांची आठवण येत होती, नुसती बाबांची, आणि ती थांबत नव्हती.