बिनकंपनीच्या करवतीचा ब्रेक

मी झाडं कापणारी साखळीची करवत बोलतेय. लोक मला चेनसॉ म्हणतात. कंपनी कोणती, ते विचारू नका. अंगावर एका कंपनीचं स्टिकर, खोक्यावर दुसरीचंच नाव आणि पावती कुणी दिलीच नाही. जन्मापासून असा गोलमाल पाहिल्यावर माझा स्वभाव संशयी झाला, तर दोष कुणाला द्यायचा?

माझा मालक झाडं तोडायची कामं घेतो. हात चांगला, पण घाई फार. माझ्या पुढच्या मुठीजवळ ब्रेक आहे. मी उसळून अंगावर आले की ब्रेकला हाताचा धक्का बसतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. हा ब्रेक मधूनमधून उगाच पडायचा, म्हणजे आपोआप लागून साखळी अडवायचा. मालकानं तो सरळ तारेनं बांधून टाकला. तेव्हापासून त्यानं मला उचललं की मला धडकी भरायची.

पुढे कचरा अडकून माझा कार्बोरेटर चोंदला आणि मी सुरूच होईना. बिनकंपनीच्या मशीनला कुणी हात लावत नाही. म्हणून मालकानं मला आपल्या वहिनीच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथे भिंतीवर दिसायला हुबेहूब माझ्यासारखी एक करवत टांगलेली होती, अर्धी उघडलेली, आतून रिकामी. म्हटलं, आता आपलीही हीच गत!

वहिनींनी कार्बोरेटर साफ केला आणि मग त्यांना तार दिसली.

"हे काय, भाऊजी?"

"अहो, मध्येच पडतो तो. कामाचा खोळंबा होतो."

"आणि गळा चिरला की खोळंबा होत नाही वाटतं?"

"तुम्ही फक्त सुरू करून द्या ना!"

"ब्रेक नीट झाल्याशिवाय मशीन मिळणार नाही. रुसायचं तर खुशाल रुसा."

मालक तणतणत निघून गेला. मला वाटलं, ही बाई आता माझे पार्ट काढून विकणार. पण त्यांनी भिंतीवरची करवत खाली घेतली, तिच्या ब्रेकची पट्टी काढली, कानशीनं घासून घासून माझ्या मापाची केली आणि मला बसवली. मला स्वतःचीच लाज वाटली.

मला परत देताना त्या मालकाला म्हणाल्या, "पट्टी जुनीच आहे, नवी मिळत नाही. रोज लाकडाला लावायच्या आधी ब्रेक पाडून बघायचा. साखळी झटकन थांबली नाही, तर त्या दिवशी काम बंद."

आठवडाभर त्यानं इमानेइतबारे तपासलं. मग एकदा माझं टोक फांदीला अडलं आणि मी उसळले. साखळी त्याच्या हनुवटीपासून दोन बोटांवर थांबली. त्यानं मला बंद करून खाली ठेवलं. नंतर माझ्या अंगावरून हात फिरवत म्हणाला, "हिच्यावर आता डोळे झाकून भरवसा!" मला फार बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं ब्रेक तपासणंच सोडलं.

आता मी हत्यारांच्या खोलीत आहे. काल शेवटच्या कापानंतर त्यानं ब्रेक पाडला आणि न बघताच मला खाली ठेवलं. साखळी लगेच थांबली नाही. पट्टी झिजलीय, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. पलीकडे तो बायकोला सांगतोय, उद्या मोठं झाड पाडायचंय.

बाबा रे, माझं एवढं ऐक. उद्या मला उचलशील, तेव्हा आधी माझ्यावर संशय घे.