राखणाईला लागलेला ठसका

राखणाईच्या डाव्या कानाशी सकाळपासून रांग लागली होती. सन चोपन्नची महाशिवरात्र तोंडावर आलेली. चाकणहून भीमाशंकराकडे निघालेली माणसं गाठोडी छातीशी धरून उन्हात उभी होती. एकेकजण पुढे जाई, शेंदराने लडबडलेल्या त्या पुरुषभर उंच मूर्तीच्या गळ्यात पडे आणि कानात कुजबुजे. उजवा कान शेंदराने बुजलेला होता. आई डाव्या कानानेच ऐकते असं तिचे पुजारी रखवालेबाबा यांनी सांगितलं होतं, आणि बाबांना 'का?' विचारायची या मुलखात रीत नव्हती.

पुढे खिंड होती. खिंडीत वाटमारी होते हे मोटारतळावर उतरल्या उतरल्या चहावालासुद्धा सांगे. "गाठोडं हातातून सोडू नका. कुणी दिलेला पेढा खाऊ नका. अंगावर सोनं मिरवू नका. आणि राखणाईच्या कानात सांगितल्याबिगर खिंडीत पाय टाकू नका." पहिल्या तीन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. त्या तिघींच्या पदराआडून चौथी बिनबोभाट आत शिरत होती.

"मुलूख चोरांचा, पर कान आईचा!" बाबा मोरपिसांचा कुंचा आपटून गरजत होते. "काय लपवलंय ते सांगा, कुठं लपवलंय ते सांगा! सांगितलं त्याला पहारा, न सांगितलं त्याला वारा!"

"मनातल्या मनात सांगितलं तर?" रांगेतून ज्योतीरामने विचारलं.

"आईला तुमची मनं वाचीत बसायला फुरसत हाय व्हय रं? तोंडानं बोल. नीट बोल."

रांग हसली. ज्योतीरामही हसला. तो बीडकडचा. वर्षभरापूर्वी पोटासाठी पिंपरीच्या माळावर आला होता आणि तिथे उठणाऱ्या नव्या कारखान्यात नळजोडणीचं काम करत होता. आई सावित्रीबाई गावाहून आली होती. धाकट्या इंदूच्या लग्नासाठी राखून ठेवलेली बोरमाळ भीमाशंकराच्या पिंडीला लावून आणायची, एवढाच तिचा हट्ट. माळ कुठे लपवली आहे ते तिने पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं," म्हणाली. राखणाईच्या कानात मात्र तिने सगळं सांगितलं.

मग ज्योतीराम पाया पडला. गाल मूर्तीच्या कानाशी टेकला तेव्हा त्याला गार वाऱ्याची बारीक झुळूक लागली. त्याने ते मनावर घेतलं नाही.

तासाभराने खिंडीत तो तांब्या भरायला ओढ्यात उतरला आणि वर आईची किंकाळी उठली. तो धापा टाकत चढून आला तोवर तोंडाला फडकं बांधलेला माणूस पसार झाला होता. सावित्रीबाई रस्त्यात फतकल मारून बसली होती. "गेली रे माळ! इंदूची माळ गेली!" 

आरडाओरड ऐकून रानातली माणसं धावली आणि पंधरा मिनिटांत त्यांनी चोर पकडूनही आणला. गेनबा. इथल्याच माळावरच्या पालांत राहणारा. इंग्रज सरकारने ज्या जमातींवर जन्मताच गुन्हेगाराचा शिक्का मारला, त्यांतलाच हा एक. तो शिक्का पुसून दोन वर्षं झाली होती. कागदावर.

त्याला परत राखणाईपाशी आणून समोरच्या लिंबाला बांधलं. पोलीस पाटील यशवंतराव खाटेवर बसले.

"मी डिंक काढीत व्हतो, पाटील," गेनबा म्हणाला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. "हात बघा माझं. चिकाट हायती अजून."

"तुझी जात बघितली, आता हात कशाला बघू?" पाटील म्हणाले.

"माळ कुठं हाय रं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"गिळली आसंल! फाडा पोट!"

लोक हसले. ज्योतीरामने पुढे होऊन गेनबाच्या दोन मुस्कटात ठेवून दिल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. आईची माळ गेली होती, समोर एक बांधलेला माणूस होता आणि सगळे मारत होते.

"आईनं चोर हाती दिला!" बाबा ओरडले. "पर म्हातारे, तुझी माळ का गेली? वाटंत कांदा खाल्ला असशील. इटाळ झाला, पहारा उठला!"

सावित्रीबाईने मान खाली घातली. कांदा तिने खाल्ला होता. कोण खात नाही? पण जरा वेळाने ती पुटपुटली, "ज्योत्या, त्याने नवी घोंगडी का टाकली रे? पितळी डबाही टाकला. दशम्यांची चळत सोडली, खालून तिसरी उचलली आणि गेला."

"दशमी?"

"तिच्यातच थापली होती ना माळ."

ज्योतीरामने पुन्हा उगारलेला हात खाली घेतला. त्याने गेनबाकडे पाहिलं. मग आईकडे. "मलासुद्धा माहीत नव्हतं. कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणाला सांगणार? राखणाईला."

मग खालून तिसरी दशमी गेनबाला कुणी सांगितली? ज्योतीरामच्या गालाला ती गार झुळूक आठवली. कामावर नळाच्या तोंडाशी गाल नेला आणि वारा लागला की समजायचं, पलीकडचं टोक उघडं आहे. दगडाच्या कानातून वारा कसा येईल?

लिंबाखाली कुणीतरी ओला फोक आणला होता. वेळ थोडा होता.

"बाबा," तो हात जोडून मोठ्याने म्हणाला, "एवढी माणसं रोज आईकडं बघतात. तिला नजर लागली असंल, म्हणूनच पहारा उठला. माझ्या आईला राखणाईची दृष्ट काढायची हाय."

बायकांनी लगेच माना डोलवल्या. फुलं विकणाऱ्या सारजाबाईने कनवटीच्या सात लाल मिरच्या काढून दिल्या. दृष्ट काढायला नाही कसं म्हणणार? बाबा चुळबुळले. ज्योतीरामने मिरच्या धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर टाकल्या, श्वास कोंडला, धुपाटणं राखणाईच्या कानाशी धरलं आणि वरून घोंगडी टाकून सगळा धूर आत फुंकला.

"कानाशी न्हाई! पायाशी, मुडद्या, पायाशी!" बाबा धावले.

"लोकांची तोंडं कानाला लागली बाबा. दृष्ट कानाचीच काढायची."

आणि राखणाई खोकली.

पहिल्यांदा 'खक्' असा एकच आवाज आला. सगळ्या माना मूर्तीकडे वळल्या. मग दुसरा. मग एकामागून एक ठसके, शिंका, आणि शेवटी आईच्या पोटातून पुरुषी आवाजात, "मेलो, मेलो रं, दार उघडा!"

दोन बायका हात जोडून आडव्या झाल्या. यशवंतराव खाटेवरून उठून उभे राहिले.

"पाटील, चला," ज्योतीराम डोळे पुसत म्हणाला. "देवीला पडसं झालंय का ते मागनं बघू."

मागे बाबांची समाधीची खोली होती. आत पाऊल टाकणारा आंधळा होतो म्हणे. पाटलांनी कडी काढली तेव्हा आंधळा होऊन बाहेर पडला तो बाबांचा चेला मारुतराव, डोळ्यांतून नाकातून धारा लागलेला. खोलीत मूर्तीमागच्या भिंतीतून दोन हात लोखंडी नळ बाहेर आला होता. त्याच्या टोकाला तेल ओतायचं नरसाळं बसवलेलं. खाली बसायला चटई. चटईवर अर्धी खाल्लेली दशमी. उशीत बोरमाळ. आणि खोलीच्या त्या एकुलत्या दारापासून मागे डोंगरावर चढणारी पायवाट, गाडीरस्त्याच्या आधी खिंडीत पोचवणारी.

एवढाच चमत्कार. शेकडो माणसं आपलं गुपित स्वतःच्या तोंडाने नळात ओतत होती. आठवड्याला एखाद्याला लुटायचं. बाकीचे आपसूक सुखरूप जात आणि आईचा जयजयकार करत. लुटला जाई तो विटाळलेला ठरे. मार खायला पालं होतीच.

लोक आता बाबांवर धावले. हात तेच आणि फोकही तोच. ज्योतीराम मध्ये पडला. "बांधून फौजदाराच्या ताब्यात द्या. बांधलेल्या माणसाला पुन्हा मारू नका."

त्याने गेनबाची दोरी सोडली. चिकट हातांना अजून बाभळीचा डिंक लागलेला होता. गेनबाची बायको सगुणाबाई पालांकडून पळत आली होती. सावित्रीबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. सगुणाबाईने तो घेतला नाही.

"चुकलं माझं," ज्योतीराम म्हणाला.

"त्याला ठसका लागला म्हून माझा नवरा जित्ता हाय," सगुणाबाई म्हणाली. "नसता लागला तर?"

 पाटील आपल्या वहाणांकडे बघत राहिले. ती नवऱ्याला खांद्याचा आधार देऊन माळाकडे निघाली.

बाबांनो, परमुलखात जरूर जपा. गाठोडं सोडू नका, परक्याचा पेढा खाऊ नका. पण लपवलेल्या वस्तूची जागा कुणाच्याही कानात सांगू नका, देवाच्या तर नाहीच. त्याला सगळं कळत असेल तर सांगायचं कशाला? कळत नसेल तर तो राखणार काय? आणि चोरी झालीच, तर तो कुणातला आहे हे विचारू नका. कुणाला माहीत होतं, एवढं विचारा. त्या दिवशी लिंबाखाली शंभर माणसं उभी होती. हा प्रश्न एकाला सुचला, आणि तोसुद्धा दोन मुस्कटात मारून झाल्यावर.