पोटातली टकटक

मी एक जुना निळा ड्रम आहे. जुना आणि अर्धा. कमरेच्या वरचा माझा भाग करवतीने कापून काढला आहे. मित्रांनो, आधी सगळं ऐका, मग माझी कीव करायची की नाही ते ठरवा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पोटात टोमॅटोचा गर भरून मी जहाजाने घाना देशातल्या टाकोराडी बंदरात उतरलो. गर संपल्यावर मला बाजारात उभं केलं. तिथे आंटी एकुआने मला ठोकून पाहिलं, आत डोकं घालून वास घेतला आणि घरी आणलं. आईबाप कामावर गेले की आसपासची सात मुलं ती दिवसभर सांभाळते. नळाचा काही भरवसा नाही, कधी चार-चार दिवस येत नाही. तेवढं पाणी मी राखायचो. चौदा हात, सात तोंडं, आणि ती दिवसातून किती वेळा धुवावी लागतात ते त्या पोरांनाच विचारा.

दिवस मजेत जायचे. चार वर्षांचा फिफी रोज एकच गमबूट घालून यायचा. दुसरा कुठे म्हणून विचारलं, तर सांगायचा, "तो आज झोपलाय." आमच्याकडे वार पाहून नाव ठेवतात. मंगळवारी जन्मली ती अराबा. त्यामुळे आमच्या अंगणात दोन अराबा होत्या, एक पाच वर्षांची आणि एक तीन वर्षांची. धाकटी माझी मैत्रीण. माझ्या अंगाला तोंड लावून ती गुपितं सांगायची. "माझी आई घोरते. कुणाला सांगू नको हं." मी आजवर सांगितलं नव्हतं.

शेजारचे नाना ओटू जन्मभर बंदरावर राबले. यंत्रांच्या धडधडीत कान गमावून बसले, अगदी जवळून मोठ्याने बोललं तरच त्यांना कळतं. नळ त्यांच्या अंगणात, म्हणून मला भरायचं काम त्यांचं. झाकण न काढता ते वरून खाली बोटांच्या पेरांनी टकटक करत यायचे. रिकामा भाग बोटांखाली घुमायचा, भरलेला मुका राहायचा. धाकटी अराबा पलीकडून तीनदा टकटक करायची. तळहाताला धक्के लागले की नाना विचारायचे, "कोण आहे गं तिकडे?"

"पाणी."

"पाणी बोलतं होय?"

"मंगळवारचं बोलतं."

हा खेळ रोजचा होता. त्या दिवशी मात्र पाच दिवस नळ नव्हता आणि मी ठणठणीत रिकामा होतो. दुपारी आंटीने मुलांना चटयांवर निजवलं. मांडीवरच्या तान्ह्याला पेज भरवता भरवता ती वारांच्या क्रमाने हाका मारत होती. "अराबा?" मोठीने "हो" म्हटलं. आंटी बुधवारच्या नावाकडे वळली.

धाकटीला झोपायचं नव्हतं. ती धुण्याच्या दगडावर चढली, आपलं पांघरूण माझ्यात टाकलं आणि मागोमाग स्वतःही उतरली. थोडा वेळ आपल्याशीच गुणगुणली आणि मुटकुळं करून झोपून गेली. मला काय, आनंदच झाला. मग आंटी झाकण घेऊन आली. मूल पडू नये म्हणून दुपारी ती मला नेमाने झाकायची. रिकाम्या ड्रममध्ये काय बघायचं? तिने झाकण लावलं, वर दगड ठेवला आणि आत गेली.

तेवढ्यात नळ आला. नानांनी झाकणाच्या भोकातून रबरी नळी आत सोडली आणि ते आपल्या अंगणात गेले.

गार पाणी लागताच अराबा उठली. झाकणाला हात लावून पाहिला, ते हललं नाही. आता ओरडेल, असं मला वाटलं. पण आंटीने सकाळीच दरडावलं होतं, "ड्रमवर कुणी चढलं तर आईला सांगेन." अराबाने पांघरुणाचं टोक तोंडात धरलं आणि ती गप्प उभी राहिली. मित्रांनो, भ्यालेलं मूल रडतं असं मोठ्यांना वाटतं. फार भ्यालेलं मूल आवाजच करत नाही.

घरात मोठी अराबा उठून म्हणाली, "धाकटी कुठंय?" आंटीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने चटया उचलल्या, दारामागे पाहिलं. "फिफी, धाकटीला पाहिलंस का रे?"

"ती पाणी व्हायला गेली."

"आता चावटपणा नको रे बाबा," म्हणत ती रस्त्यावरच्या उघड्या गटाराकडे धावली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड उघडता येत नव्हतं. पाणी अराबाच्या गुडघ्यांवर आलं, मग कमरेला लागलं. भरत जाईन तसा मी मुका होत जाणार होतो.

नाना आले. त्यांना हाकाटी ऐकूच गेली नव्हती, आंटी गटाराशी वाकलीय एवढंच दिसलं होतं. त्यांनी वरून ठोकायला सुरुवात केली. टक, घुमलं. टक, घुमलं. मध्यावर आवाज बसला. "अर्धा झाला," ते पुटपुटले आणि तळहात माझ्यावर टेकून उभे राहिले.

आतून तीन टकटकी आल्या.

नानांनी हात तसाच ठेवला. पुन्हा ठोकलं. पुन्हा तीन. मग त्या म्हाताऱ्याने दगड भिरकावला, झाकण उडवलं आणि हाक मारली, "एकुआ, गटार सोड, इकडे ये."

अराबा वर आली, निळी पडलेली, कुडकुडणारी, पांघरूण अजून दातांत. आंटी तिला घेऊन चिखलातच बसली. "मी नाही गं ओरडणार, मी नाही ओरडणार," एवढंच म्हणत राहिली.

फिफी म्हणाला, "मी सांगितलं होतं."

संध्याकाळी नानांनी समजावलं, "पोर सुखरूप आहे. सांगून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

"लपवलं तर उद्या कोणत्या तोंडाने पोरं सांभाळू?" आंटी म्हणाली. अराबाची आई मासे विकून आली तेव्हा आंटीने तिला सारं सांगितलं. "झाकण मीच लावलं. वरचा दगडही मीच ठेवला." आई मुलीला पाठीशी बांधून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सहा मुलं आली. आंटीने कांजी केली, सगळ्यांना भरवली, स्वतः घोटभरही घेतली नाही. उन्हं वर आली तेव्हा अराबाची आई फाटकात उभी राहिली. पाठीवर मुलगी, सोबत सुतार भाऊ, त्याच्या हातात करवत.

"आधी हा ड्रम कापायचा," ती म्हणाली. "मग पोरगी आत येईल. तू खरं बोललीस म्हणून आले, नाहीतर या गल्लीत पाऊल टाकलं नसतं."

करवत लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? माझा वरचा भाग आता मुलांचा बोगदा आहे. मी त्यांचा आंघोळीचा टब. काम झालं की मला पालथं घालतात. पाणी आता अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये असतं. आणि आंटी नुसत्या हाका मारत नाही, प्रत्येक डोक्यावर हात ठेवून मोजते.

मित्रांनो, तुमच्या घरची रिकामी भांडी पालथी घाला. आणि धाकट्यांना एवढं भिववू नका, की बुडतानाही त्यांना तुमचीच भीती वाटावी.

नाना अजून येतात. माझा आवाज आता पूर्वीसारखा घुमत नाही, तरी ते ठोकतात. पलीकडून तीन टकटकी येतात.

"कोण आहे गं तिकडे?"

"अराबा," ती मोठ्याने सांगते. "मी आहे, नाना."